पाऊस नाही, तरी सेक्टरात पाणी! हे पाणी नक्की कुणाचं?

पाम_बीचवासी

नमस्कार मंडळी. आम्ही नवी मुंबईत खाडीच्या बाजूच्या एका सेक्टरात राहतो. (नंबर मुद्दाम लिहीत नाही. उद्या फ्लॅटचे भाव पडले तर सोसायटी माझ्या नावाने शिमगा करेल.) पावसाळ्यात पाणी साचतं, ते एक वेळ समजू शकतो. पण गेल्या अमावस्येला लख्ख ऊन होतं, आदल्या दोन दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, आणि भर दुपारी गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. बघता बघता गेटपर्यंत आलं. वॉचमनने जीभ लावून सांगितलं, "साहेब, खारट आहे." (त्याच्या धैर्याला सलाम.) संध्याकाळच्या आत आपोआप उतरलंही.

तक्रार करायला गेलो. एका कार्यालयात म्हणाले, नाला आमचा, पण नाल्याचं तोंड आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, तोंड आमचं होतं, ते हस्तांतरित केलं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, तिथे तिवरं (कांदळवन) आहेत, फांदी तोडलीत तरी गुन्हा दाखल होईल, जपून.

तर जाणकारांनो: पाऊस नसताना हे पाणी येतं कुठून? 'नियोजित शहर' म्हणून आईवडिलांनी डोंबिवली सोडून इथे घर घेतलं, त्या नियोजनात हे धरलं नव्हतं का? आणि तक्रार नेमकी कुणाच्या दारात टाकायची?

उगाच_एक

वॉचमनचा पगार वाढवा. शहरातली एकमेव चालू प्रयोगशाळा आहे ती.

ठाणेकर_अस्सल

या, या. स्वागत आहे. आमच्या वंदना एसटी स्टँडजवळ या, तिथे पावसाळ्यात पाणी साचणं ही परंपरा आहे. नियोजन नसल्याचा एक फायदा असतो बघा, अपेक्षाभंग होत नाही.

लेव्हल_डंपी

पाम_बीचवासी, तुमच्या सेक्टराजवळ एखादं मोठं तळं आहे का? भोवती जॉगिंग ट्रॅक, बाकडी, संध्याकाळी भेळवाले? असेल तर ते तळं नाही, होल्डिंग पॉन्ड आहे. धारण तलाव म्हणतात कागदोपत्री. नोकरीची बरीच वर्षं पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नवी मुंबईचे खाडीकाठचे बरेच भाग मुळात खाजण, मिठागरं आणि भातशेतीची खार जमीन. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी या जमिनीच्या वर जाते. सगळं शहर त्या पातळीच्या वर उचलायचं तर भरावाला मुरूम किती लागेल आणि किती डोंगर खावे लागतील याचा विचार करा. म्हणून सिडकोने (हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ) हॉलंडकडून युक्ती घेतली. जमीन थोडीच उचलायची, खाडीच्या बाजूने बांध घालायचा, आणि बांधाच्या आत मोठाले तलाव ठेवायचे. पारसिकच्या डोंगरावरून नाल्यांतून आलेलं पाणी या तलावांत जमतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला एकतर्फी झडपा असतात, फ्लॅप गेट. वर बिजागरी, खाली मोकळं. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतला दाब जास्त होतो, झडप उघडते, तलाव रिकामा. वीज नाही, मोटर नाही, माणूस नाही. महापालिका क्षेत्रात असे ११ तलाव आहेत. नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' म्हणून लोक जिथे सेल्फी काढतात, तेही त्यातलंच.

आता तुमचं अमावस्येचं पाणी. झडपेत प्लास्टिक, थर्माकोल, गाद्या (हो, गाद्या) अडकल्या किंवा बिजागरी गंजली की ती पूर्ण मिटत नाही. मग उधाणाच्या भरतीला खाडी उलट आत येते. तलाव भरतो, तिथून नाला, नाल्यातून गटार, गटारातून तुमचं गेट. पावसाचा संबंधच नाही.

पाम_बीचवासी

काका, तळं आहे! बाकडी आहेत, भेळही आहे. ब्रोशरमध्ये 'लेक फेसिंग' लिहिलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले होते.

उगाच_एक

आता लेक तुम्हाला फेस करतंय. पैसे वसूल.

आगरी_बाणा

लेव्हल_डंपी काकांनी चांगलं लिहिलंय, फक्त हॉलंडची गरज नव्हती एवढंच सांगतो. आमच्या गावाची शेती खाडीला लागून होती, जमीन गेली सिडकोत. आजोबा खारबांधावर वाढलेले. बांध मातीचा, आतून दगड, आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी. उघाडी म्हणजे हीच तुमची झडप, लाकडी फळीची. भरतीला बंद, ओहोटीला उघडायची, शेतातलं जादा पाणी बाहेर. पेण, अलिबाग, उरण, ठाणे, सगळ्या खाडीपट्ट्यात शेकडो वर्षं हेच चालत आलंय. खारभूमी खात्याच्या कागदांतही उघाडी हाच शब्द आहे.

फरक एकच. उघाडीला माणूस होता. बांधाला खांड पडली तर रात्री सगळा गाव फावडी घेऊन बांधावर. नाही आलास तर तुझ्या शेताचं पाणी बघू नको म्हणायचे. काका लिहितात 'माणूस नाही' हा फायदा. माझ्या मते तिथेच खरी गोम आहे.

आणि दुपारी पाणी आलं म्हणता ना? येणारच. अमावस्या-पुनवेला आपल्याकडे भरती बारा-साडेबाराच्या आसपास टोकाला जाते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मोबाइल लागत नाही. आजी अजून बोलते, "दर्याचा टाइम पंचांगान बघ, घड्यालान नको."

लेव्हल_डंपी

आगरी_बाणा, साष्टांग नमस्कार. पाऊणपटीचा हिशोब बरोबर आहे, भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते त्यातून येतो. उघाडीचा मुद्दाही मान्य. झडप आपोआप चालते म्हणून तिची देखभाल आपोआप होत नाही.

खारघरची_माऊ

वाचतेय. आमच्याकडे प्रश्न वेगळा, पण 'कुणाच्या दारात' हा सेम. आमचा भाग सिडकोने वसवला आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत गेला. तेव्हापासूनच्या मालमत्ता कराची बिलं नंतर एकदम आली, आणि लोक म्हणाले त्या काळात सेवाशुल्क तर सिडकोला भरत होतो. वाद कोर्टापर्यंत गेला. म्हणजे पैसे मागायला दोघं, खड्डा दाखवायला गेलात तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

जुनी_वाशीकर

मी वाशीत आले तेव्हा रेल्वे नव्हती. खाडीपूल होता, एसटी-बेस्टच्या बस होत्या, आणि रात्री कोल्हेकुई. रेल्वे आली १९९२ ला. त्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. म्हणून तर इथली स्टेशनं एवढी ऐसपैस.

नियोजन नव्हतं असं म्हणू नका हो. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ ला खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. १९७० ला सिडको झाली. ९५ गावांची जमीन, ३४४ चौरस किलोमीटर. प्रत्येक सेक्टराला शाळा, बाजार, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. मुलं एकटी शाळेत जायची, मला कधी घोर लागला नाही. नियोजन उत्तमच होतं. नंतर ते सांभाळायचं कुणी हे ठरलं नाही.

आगरी_बाणा

>>> ९५ गावांची जमीन

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो. त्या ९५ गावांना चालत जाण्याच्या अंतरावर काय होतं तेही लिहा कधीतरी. जानेवारी १९८४ ला जासई-उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आमचे नेते दि. बा. पाटीलसाहेबांनी लढा लावून धरला तेव्हा पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. गावठाणाची हद्द वेळेत वाढवली नाही म्हणून घरं 'अनधिकृत' झाली. आणि पाणी तुंबलं की पेपरात येतं, गावठाणांमुळे नाले अडले. भराव टाकून रस्ता आणि सेक्टर उंच केले, मधलं गाव वाटीत राहिलं. पाणी कुणाकडे जाणार?

जुनी_वाशीकर

बाळा, बरोबर आहे तुझं. आम्ही आलो तेव्हा घर कुणाच्या शेतावर उभं आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. विचारायला हवं होतं. आमच्याकडे कोपरखैरण्याहून कोळंबी घेऊन एक ताई यायच्या, त्या हात करून दाखवायच्या, "तो टावर हाय ना, तिथं आमचं खाचर."

सेक्टर_सतरा

धागा हळूहळू इतिहासाकडे वळतोय. पाणी कुणाचं यावर कुणी बोलेल का? मी घरातून काम करतो, परवा अमावस्या आहे आणि गाडी बेसमेंटमध्ये आहे.

उगाच_एक

गाडी वर काढा. सल्ला फुकट.

तिवर

काही गोष्टी स्पष्ट करते, कारण आता कुणीतरी 'त्या झुडपांमुळे सगळं झालं' म्हणणारच आहे.

धारण तलावात भरतीबरोबर गाळ येतो आणि डोंगराकडूनही येतो. पारसिकच्या दगडखाणींनी डोंगर उघडे केले, ती माती नाल्यांतून थेट तलावात. दर काही वर्षांनी गाळ काढणं हा या यंत्रणेचाच भाग होता. तो वेळेवर निघाला नाही, गाळाचा चिखल झाला, चिखलात तिवरांच्या शेंगा रुजल्या. तिवरं आजाराचं कारण नाहीत. दुर्लक्ष किती वर्षांचं आहे ते त्यांच्या उंचीवरून मोजता येतं.

आता कायदा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ ला कांदळवन तोडीला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित. सार्वजनिक कामासाठी तोडायची असतील तर हायकोर्टाची परवानगी लागते. शिवाय सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या कामांचे नियम. त्यामुळे 'फांदी तोडलीत तर गुन्हा' हे तिसऱ्या कार्यालयाने खोटं सांगितलेलं नाही.

सेक्टर_सतरा

ताई, म्हणजे आमच्या घरात पाणी येऊ दे पण झाड राहू दे? फ्लेमिंगो बघायला मलाही आवडतात, पण बेसमेंटमध्ये नकोत.

तिवर

असं मी कुठे म्हटलं? खाडीकाठची तिवरं आणि माणसाने बांधलेल्या तलावाच्या पोटातली तिवरं यांत फरक करता येतो. कोर्टासमोर नीट अभ्यास नेऊन, कुठली काढणार, बदल्यात कुठे किती लावणार, गाळ कुठे टाकणार हे मांडून परवानगी मागता येते. अडचण अशी की 'गाळ काढतो' म्हणून एकदा तळं मोकळं झालं की पुढच्या वर्षी काठावर भराव, मग क्लब हाउस, मग टॉवर. ही भीती उगाच नाही. आधी विश्वास कमवा, मग करवत मागा.

आणि फ्लेमिंगोंवरून विनोद चालेल, पण भरतीला खाडीचा चिखल बुडाला की ते नेरूळकडच्या तळ्यांत टेकायला येतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते ती त्या पक्ष्यांच्या जिवावर.

लेव्हल_डंपी

दोघांचंही बरोबर आहे, आता आकडे बघू. नमुन्याखातर हिशोब आहे, कुठल्याही एका तलावाचा नाही.

१ हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. १०० हेक्टरचा परिसर धरा, सगळा काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, म्हणजे मुरणार जवळपास काही नाही. झालं १ लाख घनमीटर. भरतीच्या तीन-चार तासांत १०० मिमी पडला आणि झडपा बंद असल्या तर एवढं पाणी तलावाने पोटात घ्यायचंय. १० हेक्टरचा तलाव, १ मीटर मोकळी खोली, बरोबर १ लाख. काठोकाठ. आता त्यात अर्धा मीटर गाळ टाका. ५० हजार घनमीटर पाणी तुमच्या पार्किंगमध्ये.

खोली कमी झाली हे वरून दिसत नाही, हीच यातली फसगत आहे. पाण्याचा पृष्ठभाग तसाच दिसतो, सेल्फी तसाच येतो.

घाटावरचा_भट

डचांचं उदाहरण देताना एक विसरू नका. नेदरलँड्समध्ये वर्षभरात मिळून ८०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता. त्यांचं वर्ष आपल्या एका मंगळवारात.

ठाणेकर_अस्सल

आणि त्या मंगळवारी मी कांजूरमार्गहून ठाण्यापर्यंत चालत आलो. पण ते राहू द्या, धागा नवी मुंबईकरांचा आहे. तुमच्याकडे निदान स्वतःचं मोरबे धरण आहे. आम्ही स्टेम पाणीपुरवठा प्राधिकरणाचं पितो, एमआयडीसीचं पितो, मुंबईचं पितो, थोडं आमच्या योजनेचं. तलावांचं शहर म्हणवतो आणि धरण एकही नाही. शाई आणि काळू धरणांची नावं ऐकत पोरांची लग्नं झाली.

उगाच_एक

मोरबे तुमच्याकडे नाही पण मामलेदार मिसळ आहे. नवी मुंबईकर मिसळ खायला ऐरोलीमार्गे ठाण्यात येतो आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकतो. अशा तऱ्हेने दोन्ही शहरं जोडलेली आहेत.

खारघरची_माऊ

हसून हसून पुरेवाट. आणि त्या पुलाखालचं पाणी कुणाचं, हा वेगळा धागा काढावा लागेल.

डोंबारी

मला एक कळत नाही. डच म्हणता तर त्यांच्याकडे पाण्यासाठी स्वतंत्र मंडळं आहेत. तेराव्या शतकापासून. त्यांची वेगळी निवडणूक, वेगळा कर. नगरपालिका कुणाचीही असो, बांध आणि पंप त्या मंडळाचे. आपण झडप घेतली, तलाव घेतला, मंडळ नाही घेतलं. इथे एकाच थेंबाचा प्रवास बघा. डोंगर वनखात्याचा, पायथा एमआयडीसीचा, मग ठाणे-बेलापूर रस्ता, मग रेल्वेमार्गाखालची मोरी रेल्वेची, मग नोडमधला (वसाहतीतला) नाला पालिकेचा, जमिनीची मालकी बहुतेक ठिकाणी अजून सिडकोची, तोंडाशी कांदळवन कक्ष. थेंबाला प्रत्येक हद्दीत नवं रेशनकार्ड काढावं लागतं.

सेक्टर_सतरा

आणि निवडून दिलेला माणूसही मध्ये जवळजवळ सहा वर्षं नव्हता. २०२० च्या मे महिन्यात नवी मुंबई पालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली थेट २०२६ च्या जानेवारीत. तोवर प्रशासक. नगरसेवक काही देव नसतो, पण निदान रात्री अकराला त्याच्या दारावर थाप मारता येते.

जुनी_वाशीकर

थाप मारल्यावर उघडतो का, ते पॅनेलवर अवलंबून. आता एका प्रभागात चार-चार आहेत. माझ्या भाचीच्या प्रभागात एका कामाचं उद्घाटन दोघांनी दोनदा केलं.

ठाणेकर_अस्सल

टी. चंद्रशेखर आयुक्त असताना ठाण्यातले रस्ते रुंद झाले, अजून लोक नाव काढतात. एक खमका आयुक्त द्या, सहा महिन्यांत तलाव साफ.

डोंबारी

इथे मी पूर्ण असहमत. रस्ता एकदा रुंद केला की रुंद राहतो (निदान फेरीवाले येईपर्यंत). गाळ दरवर्षी येतो. खमका आयुक्त तीन वर्षांत बदलतो, भरती दिवसातून दोनदा येते. यात शौर्य उपयोगाचं नाही. कुणीतरी पगारी माणूस दर पंधरवड्याला जाऊन झडपेतला कचरा काढतो आणि वहीत सही करतो, एवढंच लागतं. पण त्याचा फोटो कोण छापणार?

ठाणेकर_अस्सल

हे मात्र पटलं. तरी चंद्रशेखर ते चंद्रशेखरच.

राजू_रंगारी

पंप बसवा ना, एवढं काय. मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध, सगळीकडे पंपिंग स्टेशन आहेत.

लेव्हल_डंपी

पंप लागतील, काही ठिकाणी आहेतही. पण मुंबईत ब्रिमस्टोवॅडचा (पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची योजना) अहवाल १९९३ चा आणि त्यातली मोठी पंपिंग स्टेशनं उभी राहायला २०१० नंतरचा काळ उजाडला. आणि झडप गळकी असेल तर पंप काय उपसणार? अरबी समुद्र? ओहोटीला जे पाणी फुकट जातं त्याला वीज जाळायची हा शेवटचा उपाय. आधी झडप, मग गाळ, मग पंप.

नालेसफाईबद्दलही एक. ३१ मेपर्यंत नाले साफ झाल्याचे फोटो येतात. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर 'सुकायला' ठेवतात, पहिल्या सरीत तो परत आत. नाला जेवढा चकाचक, तेवढा गाळ वेगाने तलावात. तलावाचं तोंड तुंबलेलं असताना नुसते नाले साफ करून काय साधतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कायद्याचं_बोला

मूळ प्रश्नाकडे येतो: तक्रार कुणाच्या दारात. माझं मत, तक्रार करूच नका, आधी माहिती मागा. माहितीचा अधिकार, साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विचारायचं असं: अमुक तलावाच्या हस्तांतरणाच्या कागदांची प्रत, सोबतच्या मालमत्ता यादीसह. झडपांची संख्या आणि शेवटची दुरुस्ती केव्हा झाली त्याची नोंद. गेल्या पाच वर्षांत तलावावर कुठल्या लेखाशीर्षाखाली किती खर्च झाला.

गंमत अशी की यात 'आमच्याकडे नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो. तुमच्याऐवजी कागद फिरेल. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर हातात आलं की महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन (अधिकाऱ्यांनी तक्रारी समोर ऐकण्याचा दिवस) असतो, तिथे ते घेऊन जा. 'पाणी येतं हो' म्हणणाऱ्याला चहा मिळतो. कागद नेणाऱ्याला तारीख मिळते.

उगाच_एक

चहा बरा की तारीख, यावर मतदान घ्या.

तिवर

+१ कायद्याचं_बोला. एक सुचवते, सोसायटीच्या लेटरहेडवर नको, व्यक्तीच्या नावाने अर्ज करा. अर्ज नागरिकाचा असतो, संस्थेचा म्हणून परत आलेले पाहिलेत.

पाम_बीचवासी

बऱ्याच दिवसांनी धाग्यावर येतोय. अर्ज केला होता. पहिल्या कार्यालयाने तो खरोखर दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने यादीची झेरॉक्स दिली. वाचून डोकं गरगरलं. यादीत तलावाचं क्षेत्रफळ आहे. काठाची भिंत आहे, रनिंग मीटरमध्ये. रेलिंग, दिव्याचे खांब, बाकडी, कचराकुंड्या, सगळं नगांसकट. लहान मुलांची घसरगुंडीसुद्धा. झडपा नाहीत. एकही नाही. 'आउटलेट' हा शब्द एकदा आलाय, त्यापुढे रकाना कोरा.

खर्चाच्या उत्तरात सुशोभीकरण आणि विद्युत रोषणाई आहे. दुरुस्तीच्या नोंदीपुढे 'निरंक'.

लेव्हल_डंपी

निरंकच येणार. जी वस्तू यादीत नाही, तिचं अंदाजपत्रक निघत नाही, निविदा निघत नाही, तिच्यावर कनिष्ठ अभियंत्याची नेमणूक होत नाही. तो बिचारा तिथे गेला तरी कुठल्या कामावर गेला म्हणून लिहिणार? तुमच्या तीन कार्यालयांपैकी कुणीच खोटं बोललेलं नाही, आणि हेच भयंकर आहे.

पुढचा अर्ज असा करा: 'यादीतील कोऱ्या रकान्याची नोंद पूर्ण करण्याबाबत'. तक्रारीचा सूरच नको. एकदा झडप कागदावर जन्माला आली की तिला कुणीतरी बाप मिळेल.

डोंबारी

नव्या नगरसेवकांपैकी एकाला तरी हा कागद द्या. सभागृहात प्रश्न विचारायला यापेक्षा सोपा मुद्दा मिळणार नाही. घसरगुंडी मोजली, झडप नाही. भाषण करायचीही गरज नाही, यादी वाचून दाखवा.

सेक्टर_सतरा

चौघांनाही द्या. जो आधी विचारेल त्याला पुढच्या वेळी मत.

तिवर

आणि रकाना भरताना तिथली तिवरं किती, कुठे, याचीही नोंद आत्ताच करून घ्या, फोटोंसकट. नंतर 'इथे काही नव्हतंच' असं नको.

आगरी_बाणा

त्या तलावाचं तोंड कुठे आहे ते तुमच्यापैकी कुणी बघितलंय का? काठावरच्या बाकड्यावरून दिसत नाही, मागच्या बाजूने बांधावरून जावं लागतं. येत्या अष्टमीला रविवार आहे. भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, आणि ती सहाला. म्हणजे ओहोटीचं टोक दुपारी बाराच्या सुमारास. साडेदहापर्यंत या. गमबूट आणा, सँडल घालून आलात तर चिखलात सोडून येईन. काका, तुम्ही नक्की या, झडप किती मिटते ते तुम्हीच बघून सांगा. चुलत्याची होडी आहे, पलीकडून पण बघता येईल.

लेव्हल_डंपी

येतो. मोजपट्टी आणि जुनी नोंदवही आणतो.

जुनी_वाशीकर

मला बांधावर चढवणार असाल तर मीही. नाहीतर थालीपिठं पाठवते.

पाम_बीचवासी

आजी, दोन्ही. वॉचमनही विचारतोय येऊ का.

उगाच_एक

त्याच्याशिवाय पंचनामा वैध धरू नये.

ठाणेकर_अस्सल

मीही निघतो ठाण्याहून, येताना मिसळ बांधून आणतो. साडेदहाला पोचलो नाही तर समजा विटाव्याला आहे, थालीपीठ ठेवा माझ्यासाठी.